अकरा वेळा चेंडू

प्रश्न :

सप्रेम नमस्कार ताई,

पिट्सबर्गजवळ मनरोव्हिलला बावीस वर्षं राहतोय. क्रिकेटवर वाढलेला माणूस, पण मुलापायी अमेरिकन फुटबॉल शिकलो आणि आता इथल्या स्टीलर्स संघाचा पक्का चाहता झालोय. मुलगा स्टेट कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे बहुतेक सगळं फुटबॉलच.

२०२५ च्या ऑगस्टअखेर संघाने मोसमासाठी ५३ जणांची यादी लावली. माझं म्हणणं, जेलन वॉरन आणि नवा केलब जॉन्सन असे दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे, पुरे. तिसरी जागा केनेथ गेनवेलला देणं म्हणजे जागा वाया घालवणं. फिलाडेल्फियात तो सेक्वॉन बार्कलीच्या मागे बसून होता. त्यापेक्षा प्रीसीझनमध्ये, म्हणजे मोसमाआधीच्या सराव सामन्यांत, जीव तोडून धावलेल्या एखाद्या नव्या पोराला ठेवायचं होतं. मुलाचं म्हणणं नेमकं उलट. लेबर डेच्या सुट्टीत तो घरी आला होता. ३१ ऑगस्टला गौरी आल्या, त्या संध्याकाळी आरतीनंतर वाद रंगला. पंचवीसेक माणसं होती. मी गमतीत म्हणालो, "तू स्वतः हायस्कूलला चार वर्षं बाकावर बसलास, अकरा वेळा चेंडू हातात आला, म्हणून तुला बाकावरच्यांचा पुळका." सगळे हसले. तोही हसला.

१४ सप्टेंबरला सिएटलविरुद्ध जॉन्सनकडून चेंडू सोडून देण्याची चूक झाली, तेव्हा मुलाचा दोन शब्दांचा मेसेज आला, "आता कळलं?" मला राग आला, उत्तर दिलं नाही. डब्लिनच्या सामन्यात गेनवेल चमकला तेव्हा मी आपणहून अंगठा पाठवला. त्यावर काही नाही. आता फोनवर "जेवलास का", "पैसे आहेत का" एवढंच. २५ ऑक्टोबरला दिवाळीच्या फराळाला तीच मंडळी आमच्याकडे जमणार आहेत. येईन, असं तो आईला म्हणालाय.

सांगा, वादात बरोबर कोण? आणि एवढ्याशा गोष्टीवरून मुलगा गप्प का झाला?

आपला, एक बाप


उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हे लिहितेय तो रविवार नेमका स्टीलर्सच्या सुट्टीचा आहे, त्यामुळे वेळही आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचं लहान. तरी लांब उत्तर आधी देते. ते पटलं तर दुसरं मला फारसं समजावावं लागणार नाही.

मी १९९६ पासून या गावात आहे. फुटबॉल मला टीव्हीवर कधी कळला नाही. तो कळला लॅट्रोबला, सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानावर, उन्हात दोरीला टेकून उभं राहिल्यावर. स्टीलर्सचं उन्हाळी शिबिर १९६६ पासून तिथे भरतं आणि तुमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. तिथे एक कवायत असते, तिला 'बॅक्स ऑन बॅकर्स' म्हणतात. एका बाजूने बचावातला लाइनबॅकर सुसाट येतो, समोर एकटा रनिंग बॅक. हातात चेंडू नाही, पळायला वाट नाही. येणाऱ्याला अंगावर घ्यायचं आणि त्याला मागच्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, बस्स. शिबिरातली सगळ्यात मोठी गर्दी या कवायतीला होते. सगळा संघ कडं करून ओरडत असतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिथे एक बुटका, भरीव पोरगा होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतलेला नव्हता. लाइनबॅकर अंगावर आले की तो एक पाऊलही मागे घेत नव्हता. एका सरावात त्याच्या हातून चेंडू सुटला, तर प्रशिक्षक टॉमलिन यांनी त्याला चेंडू जवळ बाळगून फिरायला लावलं आणि बाकीच्यांना सांगितलं, दिसेल तिथे हिसकावून बघा. त्या ऑगस्टमध्ये शेवटच्या रनिंग बॅकची जागा त्याला द्यावी की नाही, यावर या शहरात अगदी तुमच्यासारखेच वाद झाले. तो पोरगा म्हणजे जेलन वॉरन. आज "तो तर हवाच" म्हणून ज्याचं नाव तुम्ही सगळ्यात आधी घेता, तो तीन वर्षांपूर्वी "दोन पुरे" या तुमच्या हिशोबात बसला नसता.

आता ५३ चं गणित बघू. शिबिर ९० जणांनी सुरू होतं. २६ ऑगस्टला, आपल्याकडे हरतालिका होती त्या दिवशी, दुपारी चारपर्यंत सगळ्या संघांना ५३ वर यायचं होतं. ३२ संघ धरले तर एका दिवसात हजाराहून जास्त पोरांची स्वप्नं बॅगेत भरली जातात. त्या ५३ मधूनही सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जण गणवेश चढवतात. म्हणजे तिसऱ्या रनिंग बॅकला त्या ४८ मध्ये घ्यायचं असेल तर त्याने दुसरं काहीतरी काम करायला हवं, कारण धावायला चेंडू त्याच्या वाट्याला दोन-तीनदाच येणार. किकऑफला, म्हणजे समोरच्यांकडे चेंडू लाथेने मारून खेळ सुरू होतो तेव्हा, जिवाच्या आकांताने खाली पळायचं. पंटला, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून सोपवला जातो तेव्हा, अडवायचं. तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, आठ यार्ड हवे असताना, समोरून कोण ब्लिट्झ करणार, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करून येणार, हे एका नजरेत ओळखून त्याच्या आडवं जायचं.

हे शेवटचं काम या वर्षी फारच महत्त्वाचं आहे. आपला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ४१ वर्षांचा आहे. त्याला पळून जीव वाचवता येणार नाही. त्याच्या शेजारी उभा राहणारा माणूस चुकीच्या बाजूला वळला तर सगळा मोसम एका धडकेत संपेल. हे काम नवा मुलगा पहिल्याच वर्षी शिकत नाही. जॉन्सनने २०२४ मध्ये आयोवाकडून १,५३७ यार्ड धावून काढले, आणि ती धाव खरोखर बघण्यासारखी होती. पण कॉलेजात जो सगळ्यात चांगला धावतो त्याला अडवायचं काम फारसं कुणी देत नाही. गेनवेल चार वर्षं फिलाडेल्फियात होता. तुम्ही लिहिलंत, तो बार्कलीच्या मागे बसून होता. बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्ड काढले. त्याच्या मागे कोण बसलं नसतं? आणि त्याच मोसमात तो संघ सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. तिसऱ्या डाउनला काय करायचं ते माहीत असलेला, विजेत्या संघात वावरलेला माणूस तुम्हाला पडेल भावात मिळाला. मी असते तर आनंदाने घेतला असता.

मग सिएटलचा सामना. तुमचा मुलगा जिंकला असं तुम्हाला वाटतं, त्यालाही वाटतं. मला मात्र त्या एका क्षणातलं जे महत्त्वाचं ते तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलंय असं वाटतं.

२०२४ पासून किकऑफचा नियम बदललाय. गोल लाइनच्या अलीकडच्या २० यार्डांच्या पट्ट्यात चेंडू पडला की तो खेळावाच लागतो. पट्ट्यात टप्पा घेऊन मागे मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये गेला तरी तो जिवंतच. २०२५ पासून, हवेतून थेट एंड झोनमध्ये आलेला चेंडू सोडून दिला तर चेंडू घेणाऱ्या संघाला ३५ यार्डांवरून सुरुवात मिळते. एवढं फुकट कोण देईल? म्हणून किक मारणारे आता चेंडू मुद्दाम पट्ट्यात टाकतात आणि परतवणाऱ्याला काम लावतात. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सिएटल तीन गुणांनी पुढे होतं. किक आली, चेंडू जॉन्सनच्या मागे एंड झोनमध्ये गेला, आणि तो चेंडू तसाच सोडून चालू लागला. जुन्या सवयीने पाय वळले असतील. तेवढ्यात एकजण धावत आला आणि चेंडूवर आडवा पडला. टचडाउन, म्हणजे सिएटलला सहा गुण. सामना ३१-१७ असा हातचा गेला.

तो धावत आलेला माणूस कोण होता, लक्षात आहे? जॉर्ज होलानी. सिएटलचा राखीव रनिंग बॅक. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यालाही कुणी घेतलं नव्हतं. आठवड्यातून पाच-सहा वेळा असा खाली पळत जाणारा माणूस, जो बहुतेक वेळा नुसता पळून, धडकून परत बाकावर येतो. त्या दिवशीही चेंडू सुटणार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो दर वेळी जसा शेवटपर्यंत पळतो तसाच पळाला. एका बाजूला राखीव रनिंग बॅक, दुसऱ्या बाजूलाही राखीव रनिंग बॅक. दोघांपैकी कुणाच्याही धावलेल्या यार्डांचा त्या क्षणाशी काही संबंध नव्हता.

तुम्ही क्रिकेटवर वाढलात, म्हणून एकनाथ सोलकर आठवा. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. त्याच्या फलंदाजीची सरासरी कुणी पाठ केली होती का? शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटखाली, हेल्मेट न घालता तो उभा राहायचा. १९७१ ला ओव्हलवर ॲलन नॉटचा जो झेल त्याने सूर मारून घेतला, त्यावर आपली एक पिढी वाढली. २७ कसोटींत ५३ झेल. हो, आकडाही ५३ च. सोलकरला संघात का घेतलं हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मग इथे आल्यावर आपण राखीव रनिंग बॅकचे यार्ड का मोजत बसतो?

तुमच्या बाजूनेही बोलते, कारण एका मुद्द्यावर तुम्ही खरोखर बरोबर आहात आणि तो मुद्दा मुलाने मानला नसेल तर मानायला हवा. चार मोसम पुरे न केलेला खेळाडू काढला की तो वेव्हर्सवर जातो. बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. कुणी उचललं नाही तरच तो आपल्या १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सराव संघात, येऊ शकतो. तेव्हा "पोरगं हातचं जाईल" ही तुमची भीती पोकळ नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी डॅनी वुडहेडला सोडलं आणि त्यांच्याच गटातल्या न्यू इंग्लंडने त्याला घेतलं. पुढे त्याने सुपर बोलमध्ये टचडाउन केला. जेट्सच्या चाहत्यांना हे आजही बोचत असेल.

पण प्रीसीझनमध्ये कोण किती धावला यावर फार भिस्त ठेवू नका. त्या सामन्यांच्या चौथ्या क्वार्टरमध्ये समोर उभे असलेले अर्धेअधिक बचावपटू स्वतःच आठवड्याभरात घरी जाणार असतात. तिथे दिसणारी मोकळी वाट सप्टेंबरात नसते. त्या सामन्यांत मी चेंडू असलेल्याकडे बघतच नाही. ज्याला चेंडू मिळालेला नाही तो काय करतोय ते बघते. १९९५ मध्ये टेरेल डेव्हिस नावाचा सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर घेतलेला पोरगा डेन्व्हरच्या रांगेत पार शेवटी उभा होता. टोकियोत प्रीसीझनचा सामना झाला, तिथे किकऑफला खाली पळून त्याने चेंडू घेऊन येणाऱ्याला असा काही आडवा केला की प्रशिक्षकांनी त्याचं नाव लिहून घेतलं. तीन वर्षांनी त्याने मोसमात २,००८ यार्ड काढले. २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. दार उघडलं ते टॅकलने, धावेने नाही.

रहीम मोस्टर्टलाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. त्याला सहा संघांनी काढलं, तेव्हा कुठे सॅन फ्रान्सिस्कोत तो टिकला आणि टिकला तो आधी किक कव्हर करण्यावर. जानेवारी २०२० मध्ये पॅकर्सविरुद्ध तो २२० यार्ड धावला, चार टचडाउन केले. आपला विली पार्कर २००४ मध्ये असाच आला, ड्राफ्टविना. सुपर बोलमधली त्याची ७५ यार्डांची धाव मी आमच्या दिवाणखान्यात उभी राहून पाहिली होती, आणि शेजारच्या आजी पिवळा टॉवेल फिरवत आमच्या अंगणात आल्या होत्या.

पण या शहरात राहून राखीव खेळाडूंविषयी बोलायचं आणि रॉकी ब्लायरचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. तुमच्या मुलाला त्याची गोष्ट माहीत असेलच, तुम्हाला कदाचित नसेल. १९६८ च्या ड्राफ्टमध्ये सोळाव्या फेरीत घेतलेला. आज ड्राफ्टच्या फेऱ्याच सात असतात. पहिल्या मोसमातच लष्कराचं बोलावणं आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मांडीत गोळी लागली, मग ग्रेनेडचे तुकडे पायात घुसले. आता खेळणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो लंगडत शिबिरात परत आला. त्याच्या वेगाकडे बघून कुणीही त्याला काढलं असतं, आणि काढलंही. पण मालक आर्ट रूनी यांनी त्याला जखमींच्या यादीत ठेवून वेळ दिला. वर्षानुवर्षं तो किकऑफला पळत राहिला, अंगावर मांस चढवत राहिला. १९७४ मध्ये मुख्य रनिंग बॅक फ्रँको हॅरिसच्या शेजारी उभा राहिला तो मुख्यतः हॅरिसला वाट मोकळी करून द्यायला. १९७६ मध्ये हॅरिसचे १,१२८ यार्ड झाले आणि ब्लायरचे १,०३६. एकाच संघातले दोघेही हजारापार. चार सुपर बोल त्याने जिंकले. १९७० च्या ऑगस्टमध्ये "याला कशाला ठेवलंय" म्हणणारी माणसं या शहरात नक्की असणार, आणि आकड्यांवर बोलायचं तर ती चुकत नव्हती.

डब्लिनचं तुम्हीच पाहिलंत. २८ सप्टेंबर, क्रोक पार्क, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. वॉरनचा गुडघा दुखावलेला. तुमचा वाया गेलेला तिसरा माणूस पहिला होऊन मैदानात उतरला, ९९ यार्ड धावला, दोन टचडाउन केले आणि सामना २४-२१ ने आपला झाला. तेव्हा वादात बरोबर कोण, तर तुमचा मुलगा. बराचसा बरोबर. वेव्हर्सची भीती तुमची खरी, जॉन्सनविषयीची आशाही खरी, आणि एका किकऑफवरून त्या मुलाला मोडीत काढायचं कारण नाही. पण तिसऱ्या माणसाचं काम काय, हे तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

ते त्याला कुठून कळलं, याचा विचार केलात का?

तुम्ही लिहिलंत, "एवढ्याशा गोष्टीवरून". त्या संध्याकाळी तुमचा मुलगा गेनवेलची बाजू मांडत होता तेव्हा तो चार वर्षांत जे शिकला ते तुम्हाला सांगत होता. हायस्कूलच्या संघात ज्याला चेंडू मिळत नाही तो काय करतो? रोज दुपारी सरावाला जातो. पुढच्या शुक्रवारच्या प्रतिस्पर्ध्याचा रनिंग बॅक बनून आपल्याच बचावपटूंकडून आठवडाभर मार खातो. किकऑफला पळतो. घरी येऊन गृहपाठ करतो. हे सगळं त्याच्या अंगात आहे. म्हणून त्याला गेनवेल दिसला आणि तुम्हाला दिसला नाही. आणि नेमक्या त्याच जागी बोट ठेवून तुम्ही पंचवीस माणसांसमोर हसलात. तो हसला, असं लिहिलंय तुम्ही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने बापाच्या पाहुण्यांसमोर आणखी काय करायचं होतं?

हे कठोर वाटेल, पण मला तुमच्याविषयी राग नाही. उलट पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले आणि मला तुमच्याविषयी फार माया वाटली. तो शब्द म्हणजे "अकरा". चार वर्षांत अकरा वेळा. हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला? हायस्कूलच्या राखीव पोराच्या धावा मोजून कुणी छापत नाही. तुम्हीच मोजलात. म्हणजे ऑक्टोबरातल्या गारठ्यात दर शुक्रवारी रात्री तुम्ही त्या लोखंडी पायऱ्यांवर बसला होता आणि दर वेळी तो मैदानात आला की जीव मुठीत धरून बघत होता, मिळतोय का चेंडू. ज्या खेळाचा ओ की ठो कळत नव्हता तो खेळ तुम्ही त्या अकरा वेळांसाठी शिकलात. मुलाला हे माहीत आहे का? मला शंका आहे. त्याला एवढंच कळलं की बाबांनी मोजलं आणि त्यांना ते कमी वाटलं.

आता काय करायचं ते सांगते.

अंगठा पाठवून माफी होत नाही, आधी ते डोक्यातून काढा. फोन करा, या आठवड्यातच, दिवाळीची वाट बघू नका. "डब्लिनला तू बरोबर ठरलास" यापासून सुरुवात करू नका, नाहीतर बोलणं परत गेनवेलवर जाईल आणि तुम्ही दोघंही सुटकेचा श्वास टाकून तिथेच लपाल. सरळ म्हणा, "गौरींच्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोललो ते चुकीचं होतं. मला वाईट वाटतंय." पुढे "गमतीत", "तसा अर्थ नव्हता", "तूही तो मेसेज" यातलं काही नको. दोन वाक्यं बोलून थांबा. तो गप्प राहिला तर राहू द्या.

मेसेजचं बोलायचं तर, "आता कळलं?" हे त्याने लिहायला नको होतं. एका नव्या खेळाडूच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट संध्याकाळ हातात घेऊन त्याने बापाला मारली. ज्याला बाकावरच्यांचं दुखणं कळतं त्याला जॉन्सनचंही कळायला हवं होतं. हे तुम्ही त्याला जरूर सांगा, पण पुढे कधीतरी, नोव्हेंबरात वगैरे. माफीच्या बोलण्यात ते मिसळलंत तर माफी राहणार नाही, हिशोब होईल.

आणि २५ तारखेला, त्याच मंडळींसमोर, एक वाक्य. जिथे सांडलं तिथेच पुसायचं असतं. भाषण नको, त्याला उभं करून पाठ थोपटणं नको, पोरांना ते मेल्याहून मेल्यासारखं होतं. कुणीतरी स्टीलर्सचा विषय काढेलच. तेव्हा सहज म्हणा, "गेनवेलचं याने मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हा खेळलेला आहे, मी नुसता बघणारा." एवढं बोलून चकल्यांचं ताट पुढे सरकवा. ज्यांना तेव्हाचं हसू आठवतंय त्यांना बरोबर कळेल. त्यालाही कळेल. आधी फोनवर बोलला नसाल तर मात्र हे वाक्य बोलू नका, ते नाटक वाटेल.

दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला रविवारी रात्री ८:२० ला, पॅकर्स आपल्याकडे येतायत. रॉजर्सचा जुना संघ, सगळं शहर जागं असणार. शक्य असेल तर मुलाला रविवारी थांबवून घ्या. सामना घरीच बघा, तुम्ही दोघंच, मंडळी नकोत. आणि मी लॅट्रोबला दोरीपाशी उभी राहून जसा बघायला शिकले तसा बघा. चेंडूवरची नजर काढा. तिसऱ्या डाउनला रॉजर्सच्या शेजारी कोण उभं आहे, तो कुणाकडे बघतोय, कुणाच्या आडवा गेला, हे त्याला सांगायला लावा. तुम्हाला दिसणार नाही, त्याला दिसेल.

पहिला किकऑफ झाला की टीव्हीचा आवाज जरा कमी करा आणि विचारा, "तू कुठल्या बाजूने पळायचास रे?" अकरा वेळांचा आकडा तुमच्याकडे आहे. किकऑफला तो किती वेळा खाली पळाला, किती जणांना त्याने आडवं केलं, कुठल्या सामन्यात त्याच्या एका ब्लॉकमुळे दुसऱ्या पोराचा टचडाउन झाला, हे तुम्ही कधी मोजलं नसेल. ते त्याच्याकडे असेल. सांगायला लागला तर मध्ये बोलू नका.

सामना संपायला साडेअकरा होतील. सोमवारी वर्ग असला तरी रात्री निघू देऊ नका. २२ नंबरच्या रस्त्यावर अल्टूनापर्यंत ऑक्टोबरात हरणं फार येतात. पहाटे निघू दे. फराळाचा डबा आदल्या दिवशीच भरून ठेवा आणि त्याच्या खोलीतल्या मित्रांसाठी वेगळा द्या, नाहीतर त्याच्या वाट्याला चिवडा उरायचा नाही.

तुमची,
ताई